ड्रम एक वीत उतरला

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी ७.४०
अंगणात कांद्याच्या फवारणीचा ड्रम भरत होतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात औषध फाटतं, म्हणून इथे सगळे नळाचंच घेतात. आधी औषध ओतलं, मग नळाची नळी पार तळाला सोडली. वर धरली की फेस होतो. आईने चहाला बोलावलं. परत आलो तर नळाचं पाणी गेलेलं, नळी गुरगुरतेय. ड्रममध्ये आतून पांढरा ओला पट्टा, आणि पाणी त्याच्या एक वीत खाली.
ड्रम गळत नाही. खालची माती कोरडी. मग पाणी गेलं कुठे?

त्याच दिवशी, दुपारी
उताराला खाली शांतामावशीचं घर. तिची मोटर थेट नळाला जोडलेली, पाणी गेलं तरी खरखर वाजेपर्यंत बंद करत नाही. तिच्या मोटरने माझ्या ड्रममधलं औषधाचं पाणी नळीतून उलटं ओढलं असेल का? जाऊन सांगितलं, टाकीतलं पिऊ नका, सांडून द्या.
"आजच पानी आलं आन् सांडून दिऊ? चार दिवस काय तुझं तोंड बघून तहान भागवू?"
टाकीतल्या पाण्याचा वास घेतला. येतो असं वाटलं. हात धुऊन पुन्हा घेतला. वास माझ्या हातालाच होता. की दोन्हीकडे?
पाणी सोडणारे बबननाना हसले. "आरं, नळातून पानी येतं. जात नसतं. दहावी झाला असतास तर कळलं असतं."

१२ फेब्रु., बुध.
मावशीची नात रूथ सकाळी ओकली. मावशी म्हणते, काल बोरं लई खाल्ली. औषधाची बाटली पिशवीत घेतली, दोघींना गाडीवर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली, रूथला तपासलं. "पोरगी बरी दिसते. आज-उद्या लक्ष ठेवा. ते पाणी मात्र वापरू नका."
"त्यात गेलंच असेल का?"
"ते मी कसं सांगू?"
मावशीने टाकी रिकामी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रु., गुरु.
रूथ अंगणात खेळते. मी सारखा कुंपणाशी जातो. मावशी ओरडली, "तिच्याकडं असा बघू नको, ती भ्यायला लागली." शेजारच्या मळ्यातून कॅनने पाणी आणून दिलं. तिने घेतलं.
बोरं असतील. औषध असेल. दोन्ही नसेल.

१५ फेब्रु., शनि.
पाण्याची पाळी. ड्रम नाही, स्वच्छ बादलीत साधं पाणी घेऊन नळी बुडवून बसलो. नानांनी पाणी बंद केलं. बादलीतलं पाणी उतरलं नाही. म्हणजे माझ्या ड्रममधलंही गेलं नव्हतं? पण मावशीने आज भीतीने मोटर आधीच बंद केली होती.
"लावू का चालू? बघू एकदाचं," ती खालून म्हणाली.
नको म्हणालो. का नको, ते मलाच कळलं नाही.
नंतर नळाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवून घेतली. नळी आता ड्रमच्या वर वीतभर तारेने टांगली. फेस होतो, होऊ दे. नाना बघत होते. "तुझ्या एकट्याच्या झडपेनं काय हुतंय? गल्लीत समद्यांच्या नळ्या ड्रमातच हायती." आता ते हसत नव्हते.
मावशीने बोलावलं. नव्या पाण्याचा तांब्या पुढे केला. रूथ तिच्या पदराआड.
"आधी तू पी."
प्यालो. वास नव्हता. दोघी माझ्याकडे बघत उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे.

खर्च : झडप ३५०, पेट्रोल १००.
उधारी : प्लंबर १५०.
मावशीचं देणं : एक टाकी पाणी. पुढे आकडा काय लिहू?