सडा टाकण्याची वेळ

बाबा, तुमच्यानंतर आपल्या घरात पुन्हा भोंगा बोलू लागला आहे. यावेळी आवाज माझा आहे आणि त्याने घातलेला गोंधळ तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मंगरूळपीरच्या स्टँडवर तुम्ही गाड्यांचा पुकारा करायचात आणि मागच्या गल्लीत आई तुमच्या आवाजावर स्वयंपाक करायची. शिरपूरची गाडी लागली की भात चढायचा, अकोल्याची सुटली की तवा. एक दिवस शिरपूरची गाडी वाटेत पंक्चर झाली. पुकारा झाला नाही, म्हणून भातही झाला नाही. तुम्ही भुकेले घरी येता, तर तांदूळ निवडून ठेवलेले आणि आई निवांत बसलेली. घरात घड्याळ आहे की नाही, असं तुम्ही चिडून विचारता. आई शांतपणे म्हणते, "घड्याळ पोरीले शायेत धाडाले हाये. मले तुमी सांगतलं नाई." त्यानंतर तुम्ही भोंग्यावरून 'शिरपूरकडे जाणारी गाडी अद्याप आलेली नाही, प्रवाशांनी नोंद घ्यावी' असा पुकारा सुरू केलात. गाडी आलेली नाही हे फलाटावरच्या प्रवाशांना डोळ्यांनी दिसतच होतं. तो पुकारा भातासाठी होता, हे स्टँडवर फक्त तुम्हाला आणि घरात आम्हा दोघींना माहीत होतं.

म्हणूनच आईला बीपीची गोळी सुरू झाली आणि ती विसरू लागली, तेव्हा मला वाटलं की हिला घड्याळ देऊन उपयोग नाही, आवाज द्यायला हवा. मी इकडे पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. तळहाताएवढं एक मशीन आणलं, त्याला स्पीकर जोडला आणि स्क्रिप्ट लिहून दिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनने काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, ते त्याच्या भाषेत लिहून देणं. सकाळी सहाला 'आई, सकाळ झाली, गोळी घे' आणि रात्री जेवणानंतर 'आई, गोळी घे', एवढंच त्याने माझ्याच आवाजात म्हणायचं होतं. दिवाळीला ते भिंतीतल्या देवळीजवळ बसवलं आणि मी मोठ्या ऐटीत पुण्याला परतले.

पण या मशीनच्या पोटात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते तारीख-वेळ साफ विसरतं, आणि वीज आली की त्याच्या हिशेबाने १९७० सालची पहिली पहाट उजाडते, कारण ही मशीनं काळ तिथूनच मोजतात. तुम्ही तेव्हा बिनलग्नाचे होतात. आई कुठल्यातरी झाडाची बोरं पाडत असेल, तिला बीपी कुठून असणार. मशीनला मात्र तेवढी अक्कल नाही. पहाट झाली की थोड्या वेळाने सहा वाजणार, सहा वाजले की गोळी, एवढंच त्याला ठाऊक.

एका संध्याकाळी तिकडे वीज जाऊन आली आणि तासाभरात मला शेजारच्या काकूंचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाल्या, "तुही माय दिवेलागणीले अंगणात सडा टाकून राह्यली वं. डोकं तं ठिकाणावर हाये ना तिचं?" सडा हे पहाटेचं काम, म्हणजे आईला पहाट वाटली होती. पहाट वाटली तर तिने सकाळची गोळीही पुन्हा घेतली असणार, आणि दुपटीने गोळी पोटात गेली तर काय होतं ते मला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आईला फोन लावला, तो तिने उचलेपर्यंत मी अर्धी मेले. तिने मात्र खुशाल सांगितलं की गोळी तिने सकाळीच घेतली आहे, दोनदा घ्यायला ती काय खुळी आहे? मग सडा का टाकलास, असं मी ओरडून विचारलं. "लेकरू इतक्या लांबून म्हणते सकाय झाली, तं मी कायले नाई म्हणू? सडा टाकाले काय पैसे लागतात?"

तुमची बायको अशी आहे, बाबा. मी रडत होते आणि हसतही होते.

मग मी स्क्रिप्ट सुधारायला घेतली. मशीनने जागं झाल्याबरोबर इंटरनेटवर विचारायचं, आज तारीख काय, वाजले किती, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उत्तर आलं, पण ते साऱ्या जगासाठीच्या सामाईक वेळेचं होतं. आपण त्यापेक्षा साडेपाच तास पुढे, ते मिळवायचंच मी विसरले. आठवडाभर सकाळची हाक ऐन जेवणाच्या तोंडावर येत होती आणि ऑफिसातली पोरं मला हसत होती. या साऱ्या काळात मी रोज संध्याकाळी आईला फोन करून आज मशीन काय बोललं ते विचारायची. ती रंगवून सांगायची, मशीनची नक्कल करायची, मग काकूंची करायची, मग भाजी काय केली तिथपर्यंत यायची. अर्धा अर्धा तास जायचा.

शेवटी सगळं नीट झालं. वीज कितीही वेळा जावो, मशीन उठतं, वेळ विचारतं आणि बरोबर वेळेला हाक मारतं. मी पाठ थोपटून घेतली आणि रोजचा फोन आपोआप रविवारवर आला. एका रविवारी मी मोठ्या कौतुकाने विचारलं की आता चुकत नाही ना गं? आई म्हणाली, "पयलेच बरं होतं. ते चुकत होतं तं तुहा फोन तरी येत होता."

पुढे मी काय केलं ते फक्त तुम्हालाच सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि आईच्या नजरेला तर मुळीच पडता कामा नये. त्या रविवारपासून मशीन एकदाही चुकलेलं नाही, बाबा. तरी मी रोज संध्याकाळी तिला फोन करते आणि सांगते की त्याचं पुन्हा बिघडलंय, इंटरनेटवर त्याला काही कळत नाहीये, तूच बघून सांग किती वाजले. ती अंगणात जाते, उजेड बघते, काकूंनाही विचारते आणि सावकाश मला वेळ सांगते. इकडे पुण्यात माझ्यासमोर भिंतीवर घड्याळ असतं, मी तिकडे बघत नाही.