जिनातल्या निंबाची किंमत

डोणगाव, ता. २६ फेब्रुवारी १९६४

चि. भाऊ दयाराम यास जनकाबाईचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

मी मजेत हाय. लेक सिंधूचा खोकलाही कमी हाय, असं ती म्हणते. तुझी म्हैस व्याली का?

आता मोठी खबर ऐक. सिंधू कापसाच्या जिनात कामाले जाते. तिथल्या निंबाले आपल्या नातीची झोळी बांधतो, अन् मी हलवत बसते. परवा मुनीम लाकूडतोड्याले घेऊन आला. म्हणे, "लाकडाचे दीडशे येतात. झोळी आत बांधा." आत तं सारा कापूस उडते रे! लेकरू श्वास कसा घेईन?

मी म्हटलं, "मुनीमजी, सावलीचे किती धरले?"

"आजी, सावली काट्यावर चढते का?"

"नाही चढत, तं कापूस आणणाऱ्या गाडीवानायले विचारा, पलीकडचं जिन सोडून इथं काऊन येता."

त्यानं हसत हसत विचारलं. बावीसपैकी सतरा जण म्हणाले, "इथं बैलं सावलीत उभे राह्यतात म्हणून." मुनीमचं हसूच गेलं. त्यानं जाऊन सांगितलं तसं जिनाच्या शेठनं लाकूडतोड्याले वाटेले लावलं, अन् जिनाच्या मालमत्तेच्या वहीत इंजिनाच्या नावाखाली निंब लिहाले लावला. किंमत दोन हजार रुपये! आपल्या घराहून महाग!

"अजून काही राह्यलं का, आजी?" मुनीम म्हणे.

"लेकराची झोप."

"तिची किंमत मले नाही लावता येत."

"मंग हळू तरी बोला," म्हटलं, "आत्ताच डोळा लागला तिचा."

वहिनीलेही वाचून दाखव.

तुझी मोठी बहीण,
जनका