दार लावून मागितलेलं

नागपूर, ९ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप बाबांना इलिझरचा शालोम.

मी बरा आहे. गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलून अंग ठणकतं, पण जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कमी झाला का?

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुरला, तुम्ही शिकवलंत तसा उपास धरून खोलीचं दार लावून बसलो. संध्याकाळी शेजारचे मनोहरराव दार बडवू लागले. "काहून उघडत नाही गा? उपाशी मेला का? बाहेर ये, रेडिओवर काय सांगून राहिले ते आयक!" मी तारे दिसेपर्यंत उघडलं नाही. उघडलं तेव्हा कळलं, इस्रायलात लढाई लागली. आपला रूबेनदादा तिथल्या फौजेत.

बाबा, दाराआड मी देवाकडे काय मागत होतो सांगू? ही हमाली सुटू दे, एवढंच. दादाचं नाव एकदाही घेतलं नाही. आता रोज घेतो, पण सण संपल्यावरचं ऐकलं जातं का? तोरा, आपला धर्मग्रंथ, तुम्ही वाचता, मला काय कळतं.

दादाचं पत्र आलं का? आईला सांगा, त्याला लढायला नाही, मोटारी दुरुस्तीलाच ठेवलं असेल.

सिम्हाथ तोराच्या सणाला आपल्या यहुदी मशिदीत सेफेर तोराची गुंडाळी हातात घ्याल, तेव्हा त्याचं नाव मोठ्यानं घ्या. माझ्यासाठी यंदा काही मागू नका.

दोघांच्या हातांना ओठ लावून हातबोशी,
तुमचा धाकटा इलिझर