एकसष्ट नंबरची मैत्रीण

४ मार्च, मंगळवार
पोस्टातल्या बाईंचे यजमान आले होते. कागदी पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाले, "धुतलीय. इस्त्रीपण केलीय." आणि उभेच राहिले. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाले. मग आपणहून बोलले, "झोपताना काढून उशाशी ठेवायची. मी चुकून तिच्यावर चष्मा ठेवला की ओरडायची." हसले. हसता हसता तसेच निघाले — अनवाणी! मी मागे धावत जाऊन चपला दिल्या.

मैत्रीण परत आली म्हणजे बाई गेली.

हा शब्द काही माझा नाही. कॅन्सरचं ऑपरेशन झालेली एक बाई दाराआड उभी राहून लाजत म्हणाली होती, "माझी मैत्रीण तयार झाली का?" तेव्हापासून सगळ्या तेच म्हणतात. कापलेल्या जागी ब्लाउजात ठेवायची कापसाची गादी, आत वजनाला जवसाची पुरचुंडी — एवढं सगळं कोण बोलत बसेल!

तर त्रेपन्न नंबर म्हणजे पोस्टातल्या बाई. आज कळलं. गेल्याच महिन्यात त्यांनी मला पाकिटं दिली, आणि मी मनात म्हटलं, ब्लाउज काय सुरेख बसलाय, शिलाई कुणाची असेल! कपाळ माझं!

६ मार्च, गुरुवार
काल काही लिहिलं नाही. मशीनवर बसले आणि उठले.

नावं न सांगण्याचा नियम माझाच. धाकटी बहीण गेली त्या वर्षी जाऊबाई म्हणाल्या, "रडून झालं असेल तर शिवायला बस. ती रुमाल कोंबून बाजारात जायची. एकदा सगळ्यांसमोर पडला. बाकीच्यांचा तरी पडायला नको." तीस वर्षं नर्स होत्या. बोलणं इंजेक्शनसारखं. मी म्हटलं, शिवीन, पण नाव सांगू नका. चेहरा दिसला की माझा हात थरथरतो. मग ठरलं — पडद्यामागे त्या माप घेणार, मला फक्त चिठ्ठी. नंबर, बाजू, माप, वजन. नाव कळणार ते बाई गेल्यावरच.

पेशंटांची गाडी, फोन, औषधं, केस गेलेल्यांना टोप्या, घरच्यांची समजूत हे सगळं जाऊबाई बघतात. मी आपली सुई धरून.

८ मार्च, शनिवार
जाऊबाई शहरात चालल्या, दोन महिने! भाचीला दुसरं होणार आहे, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, आणि इथलं कोण बघणार? तर म्हणाल्या, "तू. इतकी वर्षं फुकट चहा पितेस का?"

जाताना त्यांना पुढून बटणांचा ब्लाउज हवा. खांदा धरलाय, हात वर जात नाही. "म्हातारपण आलं," मी चिडवलं. "आलंय खरं," म्हणाल्या. एका बैठकीत शिवून दिला. त्यांचं माप मला पाठ आहे.

१० मार्च, सोमवार
गेल्या. टेबलावर किल्ल्या, फोन नंबरांची वही आणि एक चिठ्ठी. नंबर ६१. डावी बाजू. ऑपरेशन व्हायचंय, दीड महिन्यात तयार ठेव. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! वजन ३४० वाटतंय. निघायच्या घाईत लिहिलं असणार.

१८ मार्च, मंगळवार
रेडिओला विचारलं, एकसष्ट नंबरचं ऑपरेशन झालं का? रेडिओ म्हणजे आमचा ड्रायव्हर — दिवसाला दोन वाक्यं बोलतो, म्हणून जाऊबाईंनी ठेवलेलं नाव. दर मंगळवारी पेशंट घेऊन शहरात जातो. "झालं," म्हणाला. कशा आहेत? "आहेत."

झाली आजची दोन वाक्यं!

२ एप्रिल, बुधवार
आज पाच फोन केले. जाऊबाई कसं करतात कळत नाही. एका मुलाने विचारलं, "आईला खरं सांगू का?" मी म्हटलं, आज काय खाल्लं त्यांनी? तो रडायलाच लागला. मीपण.

जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, बाळाचा फोटो तरी पाठवा. अजून झालं नाही म्हणे. मग मी तोंडाला येईल ते बोलले. इथे माणसं जातायत आणि तुम्ही तिकडे मजेत पाळणे बघत बसल्यात! मग हळूच म्हणाल्या, "काय शिवतेयस?"

एकसष्ट नंबर, मी म्हटलं.

"नीट शिव," म्हणाल्या. फोन ठेवला.

३ एप्रिल, गुरुवार
असं बोलायला नको होतं. पण मी तरी काय चुकीचं बोलले?

२२ एप्रिल, मंगळवार
एकसष्टची मैत्रीण झाली. मऊ कापड वापरलं, पोस्टातल्या बाईंच्या पिशवीतलंच, उसवून. तसंच करतो आम्ही, चांगलं कापड टाकवत नाही. तीनशे चाळीस ग्रॅम, काट्यावर दोनदा बघितलं. रेडिओकडे दिली. का कोण जाणे, या बाईत माझा जीव अडकलाय. चिठ्ठीतल्या त्या वेड्यावाकड्या अक्षरामुळे असेल. सारखं वाटतं, हिने तरी बरं व्हावं. एवढ्या वर्षांत एकीने तरी येऊन स्वतः म्हणावं, मीच ती.

२९ एप्रिल, मंगळवार
रेडिओने गाडीतून उतरून पिशवी टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, गेल्या? नाव काय? तो जमिनीकडे बघत राहिला. मी ओरडले त्याच्यावर. अहो, नाव तरी सांगा! कुणासाठी रडू मी?

"गेल्या नाहीत, धाकट्या वहिनी. जड होते म्हणाल्या."

जड! जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. चिठ्ठी काढून दाखवली — हे बघा, तीनशे चाळीस! त्याने चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ बघितली. डोळे पुसले. "दोन आहे तो," म्हणाला. "हात कापत होता त्यांचा."

म्हणजे बाईने स्वतः लिहिली होती? मग अक्षर जाऊबाईंसारखं कसं? असो. चूक माझीच. चेहरा बघितला असता तर शंभर ग्रॅमचा फरक डोळ्यालाच कळला असता. नियम करून ठेवलाय मोठा!

३० एप्रिल, बुधवार
रेडिओ डोळे का पुसत होता?

५ मे, सोमवार
उसवायला घेतली नाही. टेबलावर तशीच आहे.

७ मे, बुधवार
दुपारी जाऊबाईंचा फोन. "तुला एकसष्ट नंबरचं नाव सांगायचंय."

मी खाली बसले. गेल्या का हो?

"गेल्या कशाला? बोलतायत तुझ्याशी." मग हसल्या. "वीस वर्षं माझे ब्लाउज शिवतेस, आणि माझ्याबद्दल इतका मोठा गैरसमज? तीनशे चाळीस!"

मला हसता येईना. मग त्यांचंही हसू थांबलं. "तुझा हात थरथरला असता गं. म्हणून बोलले नाही. पण परवाच्या स्कॅनमध्ये लिव्हरलाही दिसलंय. म्हटलं, एका बाईचं नाव तरी तुला आधी कळू दे."

मैत्रीण उसवली. जवस काढून वजन केलं. दोनशे चाळीस. पुन्हा शिवायला बसलेय. हात थरथरतोय. थरथरू दे. उद्या मंगळवार नाही, तरी रेडिओ गाडी काढतोय. मीपण जाणार आहे.