उंच मुलं मागे

२ एप्रिल, सोमवार
नवी डायरी, नवी सुरुवात. मेट्रनबाईंनी आज वृद्धांच्या केंद्राच्या ऑफिसात बोलावून सांगितलं की आमच्या हिची ट्रायलची मुदत तीस तारखेला संपते. त्यानंतर एक तर खोली कायमची घ्या, नाही तर बाईंना घरी न्या. मी जागच्या जागी सांगून टाकलं, घरी नेणार!

लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, प्लीज, खोली कायमची करून टाका, आई तिथे सेफ आहे. पोरीला लांब बसून काय कळतंय? झालंय काय हिला? थोडा विसराळूपणा. गॅस चालू राहतो, तो कुणाचा राहत नाही? दोनदा भल्या पहाटे पर्स घेऊन शाळेत निघाली, आणि शाळा बंद पडून जमाना झाला, हेही मान्य. पण जन्मभर हेडबाई म्हणून मिरवलेली बाई. सवय अशी एका दिवसात जाते होय?

माझा जन्म पंख्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेला. प्रत्येक बिघाडाला कारण असतं. कारण सापडलं की बिघाड गेला. एक महिना म्हणजे भरपूर झाला.

निश्चय: एक, हिच्याकडून स्मरणशक्तीचा व्यायाम करून घेणे. दोन, भेट एक दिवसाआड, मलाही स्वतःचं आयुष्य आहे. तीन, चिडायचं नाही.

३ एप्रिल, मंगळवार
आज जायचा दिवस नव्हता. गेलो. हिच्या चष्म्याचं घर इकडे कुठे दिसेना, म्हणजे तिकडे आहे ना, हे बघणं भाग होतं. होतं. आता आलोच आहे तर म्हणून संध्याकाळपर्यंत बसलो.

उद्यापासून दिवसाआड. पक्कं.

५ एप्रिल, गुरुवार
व्यायाम सुरू. घरून फोटो नेले होते. पहिलाच फोटो लग्नाचा. हिने चष्मा पुसला, नीट बघितलं आणि म्हणाली, हा मुलगा कोण? धड उभं राहता येत नाही याला. मी सांगितलं, मीच तो. तिने माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं आणि खो खो हसली. हसली! महिन्याभरात पहिल्यांदा. व्यायाम लागू पडतोय.

मग पाढे. सतराचा विचारला, कारण तो भल्याभल्यांना येत नाही. हिने न अडखळता धाडधाड म्हटला. मग म्हणाली, आता तू म्हण. मी सातापर्यंत आलो आणि अडलो. घसा कोरडा पडला होता, खोलीत उकाडाही फार. हिने टेबलावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाली, पाठ करून ये.

आता मला सांगा, यात बिघाड कुठे आहे? हे मी मेट्रनबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, काका, त्या जे म्हणतील त्यात सामील व्हा, चुका काढत बसू नका. मी म्हटलं, बाई, मी आयुष्यात एकही खराब पंखा पास केलेला नाही.

८ एप्रिल, रविवार
कारण सापडलं! हिच्या खोलीतला पंखा. थरथरतो. बारीकसा घरघराट आहे, दुसऱ्या कुणाला ऐकूही येणार नाही. असा आवाज चोवीस तास डोक्यावर असला तर माणसाचं लक्ष राहील कुठे?

सकाळचा प्रसंग लिहायचा नव्हता. पण लिहितो, म्हणजे पंख्याचा परिणाम लक्षात येईल. ही म्हणाली, घंटा झाली, मुलं प्रार्थनेला उभी असतील. मी शांतपणे, अगदी शांतपणे समजावलं की शाळा बंद झाली, तू रिटायर झालीस, आणि ती घंटा चहाची आहे. तिने विचारलं, मग माझी मुलं कुठे गेली? मी म्हटलं, कधीच मोठी झाली. ती इतकी रडली, इतकी रडली की शेवटी मावशी येऊन तिला घेऊन गेल्या. मावशी म्हणजे इथल्या आया. जाताना म्हणाल्या, कशाला हो काका, तुमचं काय जातं हो म्हणायला?

दुपारी शिडी मिळवली. पाना माझ्या पिशवीत असतोच. दोन पाती उतरवली आणि मेट्रनबाई दारात. आता पंखा बंद, इलेक्ट्रिशियन मंगळवारी येणार, खोलीत भट्टी. हिच्या शेजारच्या पलंगावर रेडिओआजी असतात. त्यांना मी ठेवलेलं नाव. सकाळी सुरू होतात त्या झोपेपर्यंत. आज त्यांनी सगळ्या बातम्या माझ्यावरच दिल्या. माझे आईवडील निघाले, शिक्षण निघालं.

चिडलो नाही. शिडीला एक लाथ मारली, ती मोजत नाही.

११ एप्रिल, बुधवार
मोठी बातमी! आज ही मला सरळ म्हणाली, काय रे, उशीर का झाला?

काय रे!

लग्न झाल्यापासून अहो. आजारपणात अहो, भांडणात अहो, एकदा मी जिन्यावरून गडगडत खाली आलो तेव्हासुद्धा, अहो, पडलात की काय! मी कितीदा म्हटलं असेल, आपण दोघंच असताना तरी एकेरीवर ये. नाही म्हणजे नाही. आणि आज आपणहून! दोन माणसांमधलं अंतर मिटल्याशिवाय हे होत नाही. पंखा आता गप्प चालतो, त्याचा गुण.

लेकीला लगेच फोन करून सांगितलं. तिने विचारलं, बाबा, तुम्ही जेवलात का? रेंज नसावी.

१४ एप्रिल, शनिवार
दिवसाआडच्या नियमात किरकोळ दुरुस्ती. सकाळची फेरी भेट धरायची नाही, कारण ती फेरफटका मारता मारता होते. केंद्र घरापासून दोन बस लांब आहे, पण व्यायाम तो व्यायाम.

आज हिने हॉलमध्ये वर्ग भरवला. रेडिओआजी, दोन काठीवाले आजोबा, एक झोपलेल्या बाई, असे सगळे रांगेत. मी तिच्याजवळची खुर्ची ओढली, तर मला उठवलं. म्हणाली, उंच मुलं मागे. निमूटपणे मागे जाऊन बसलो. माझ्यापुढे एक आजोबा घोरत होते, त्यांना काही नाही.

पण काय निरीक्षण आहे बघा! मी खरंच उंच आहे. हे तिच्या बरोबर लक्षात राहिलं.

१७ एप्रिल, मंगळवार
घर तयार करतोय. गॅसच्या शेगडीची बटणं काढून माझ्या खिशात ठेवली. (चहासाठी शोधली, तर ती पँट धुवायला गेली होती. सापडली. स्वच्छ आहेत.) बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवला. आणि मुख्य काम, दाराचं. पहाटे उठून शाळेत जायचा प्रश्न कायमचा मिटवला. नवीन लॅच आणलं, जबरदस्त, आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडत नाही. स्वतः बसवलं.

लगेच टेस्ट घेतली. आत उभा राहिलो, दार ओढलं. खट्! काय आवाज! ए वन माल. किल्ली दाराच्या बाहेरच्या बाजूला राहिली होती.

शेजारीणबाई बाजारात गेल्या होत्या. दुपार आत काढली. आधी हाका मारल्या, मग दार वाजवलं, मग हिच्या खुर्चीत बसून राहिलो. तेवढ्या वेळात घर फारच लहान वाटायला लागलं. भिंती जरा जवळ आल्यासारख्या. शेवटी त्या आल्या आणि त्यांनी सोडवलं. म्हणाल्या, अहो, हे घर आहे की तुरुंग?

टेस्टचा निकाल: पास. आतून कुणालाही बाहेर पडता येत नाही.

२० एप्रिल, शुक्रवार
कारखान्यातल्या जुन्या मंडळींचा फोन. चार दिवस डोंगरावर जातायत, माझी सीट धरून ठेवलीय. नाही म्हणून सांगितलं. हिला माझ्याशिवाय करमत नाही, तिला असं सोडून कसं जाणार?

फोनच्या नादात केंद्रावर उशिरा पोहोचलो. हॉलमध्ये वर्ग मस्त रंगला होता. ही हसत होती, टाळ्या वाजवत होती. मी दारात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. तिने वळून बघितलं नाही.

अर्थात दार तिच्या पाठीमागे आहे. खुर्च्यांची मांडणी चुकीची. मेट्रनबाईंना सांगायला हवं.

२४ एप्रिल, मंगळवार
आज ट्रायल. परवानगी काढून हिला दुपारपुरतं घरी आणलं.

टॅक्सीत खूश होती. घरात आली, चपला काढून नीट भिंतीशी लावल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून. ही तिचीच खुर्ची. चहा दिला. तो निम्मा ठेवून म्हणाली, छान आहे हो घर तुमचं. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, काय रे, तुझी आई कुठे गेलीय?

मी म्हटलं, येईल इतक्यात.

कसं तोंडातून गेलं कळलंच नाही. असा माल मी कधी पास केला नव्हता.

जरा वेळाने ती उठली. म्हणाली, निघते मी, मुलं ताटकळली असतील. दाराशी गेली. लॅच उघडेना. आधी हळू ओढलं, मग जोरात. मी म्हटलं, अगं, बस जरा, हेच घर आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे आजवर कुणीही पाहिलेलं नाही. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. कुणीतरी सोडवा मला, कुणीतरी सोडवा. शेजारीणबाई बाहेरून हाका मारतायत, मी खिशात किल्ली शोधतोय, हातात येतायत ती शेगडीची बटणं.

उघडलं एकदाचं. परत पोहोचवलं. केंद्राचं फाटक दिसलं आणि तिने माझा हात सोडला आणि भराभरा आत गेली. मावशींना म्हणाली, उशीर झाला हो, एका मुलाच्या घरी अडकले होते.

लॅच उत्तम. मालात दोष नाही.

तिचे तळहात लाल झाले होते.

२५ एप्रिल, बुधवार
गेलो नाही. दिवसाआडचा नियम आज प्रथमच पाळला गेला. मनाचा निर्धार असला की सगळं जमतं.

लॅच काढलं. चौकटीला चार भोकं राहिली. पुट्टी भरून रंग मारला की कळणारही नाही.

२६ एप्रिल, गुरुवार
आजही गेलो नाही. ट्रिपवाल्यांना फोन केला, ते केव्हाच निघून गेले होते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. दार उघडंच ठेवलं होतं, पण जायला कुठे जागाच सुचेना. घर खायला उठलंय. मला ही इथे हवी आहे. तिच्यासाठी वगैरे काही नाही, मलाच एकट्याला इथे राहवत नाही.

(झोप नीट न झाल्यामुळे असं वाटत असावं.)

२७ एप्रिल, शुक्रवार
गेलो. सहज. शेवटच्या रांगेत बसलो. हजेरी चालू होती. माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, काय रे, दोन दिवस कुठे होतास?

मी म्हटलं, ताप आला होता.

तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाली, आता नाहीये, पण डोक्याला ऊन लागू देऊ नकोस, टोपी घालत जा.

मावशी दारातून बघत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. मी पंख्याकडे बघितलं. चांगला चालतोय.

३० एप्रिल, सोमवार
मेट्रनबाईंनी विचारलं, काय ठरवलंत? मी म्हटलं, खोली राहू दे. तूर्त. त्या म्हणाल्या, म्हणजे कायमची? मी म्हटलं, तुम्ही कायमची म्हणा, मी तूर्त म्हणतो. त्यांनी वाद घातला नाही. माझ्यासाठी चहा मागवला. लेकीला कळवलं, तर ती फोनवर रडली. आता का रडायचं, हेच तर तिला हवं होतं! मला पोरीचं काही कळत नाही.

चहा घेऊन हॉलमध्ये गेलो. वर्ग भरला होता. मागे बसायला निघालो, तर हिने नाव न घेता बोटाने बोलावलं. सगळ्यांदेखत उभं केलं. म्हणाली, तुझे खाडे फार होतात. पाढे पाठ नाहीत. असं चालायचं नाही, उद्या घरून कुणाला तरी घेऊन ये.

मी म्हटलं, बाई, घरी कुणी नसतं.

रेडिओआजीसुद्धा गप्प झाल्या. मग ही त्यांना म्हणाली, सरका हो जरा. आणि मला पहिल्या रांगेत बसवलं, आपल्या शेजारी. मागच्या आजोबांनी तक्रार केली की याच्यामुळे मला काही दिसत नाही. हिने त्यांना दटावलं, असू दे म्हणून.

संध्याकाळी मावशींना विचारलं, ही शाळा सुटते कधी? त्या म्हणाल्या, आता कसली सुटते काका.

उद्या जायचा दिवस नाही. नियम म्हणजे नियम. पण सतराचा पाढा म्हणून दाखवायचाय. सातावर अजून अडतोय.