माय, वावरात वाळू आली

माय, लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. पत्ता काय घालू? तू होतीस तोवर घर हाच पत्ता. गेलीस तेव्हा वावराच्या वरच्या कोपऱ्यात, लिंबाखाली तुला माती दिली. आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, तशी तुला बसवली. तेव्हापासून तो कोपरा तुझा. अमावस्येला तिथं दिवा, हळद काढायच्या आधी तिथं नारळ. तुझी सून नवी होती तेव्हा तिनं विचारलं, सासूबाई कुठं ठेवल्यात, तर मी बांधावरूनच हात केला, ती काय, तिथं बसली, सगळ्यांवर नजर ठेवून. आता तो कोपराच नाही. लिंब नाही, तुझ्यावर बांधलेला ओटा नाही, तू नाहीस. कयाधू नदी पात्र सोडून बराबर तिथूनच वावरात शिरली.

पावसाला तू कधी भ्याली नाहीस. "पडू दे मेल्याला, दमला की जाईल," असं म्हणून भाकरी थापत बसायचीस. या वर्षी मेला दमलाच नाही. पोळ्याच्या आधीपासून जो लागला तो लागलाच. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. गोरेगावकडचा पूल पाण्याखाली गेला, जीपा बंद झाल्या, दुकानात मीठ मिळेना. खालच्या आळीतली घरं बसली, ती माणसं लेकरांसकट शाळेत आली. मी तिथंच अंगणवाडीच्या भांड्यात खिचडी शिजवत होते. कोणाला वाढलं, कोणाला नाही, काही ध्यानात राहत नव्हतं. एक म्हातारी नुसती ताट धरून बसली होती, खातच नव्हती, तिच्या दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्याच राहिल्या होत्या. सकाळचीच वेळ, आणि कोणीतरी ओरडत आलं की नदी वावरातून चालली. मी आणि तुझा लेक, माझ्या पाठचा, मारुतीच्या टेकाडावर पळत गेलो. खाली सगळं गढूळ पाणी. म्हशीची नुसती शिंगं वाहत गेली. तुझा लेक माझा हात घट्ट धरून म्हणतो, "अक्का, आपलं वावर कंच्या बाजूला हाये?" जन्म गेला त्याचा त्या वावरात, माय, आणि मला विचारतो. मलाही सांगता आलं नाही.

पाणी उतरलं तेव्हा वावर दिसलं, पण ते आपलं नव्हतं. कमरेइतकी वाळू. वरच्या कोपऱ्यात मोठा खड्डा आणि तिथून खाली सगळी पांढरी वाळू पसरलेली. हळद तिच्याखाली, हिरवी, जिवंत, गाडलेली. चार दिवसांनी वास सुटला. पंचनाम्याला साहेब आले, बूट काढून हातात घेतले आणि विचारलं, पीक कोणतं होतं. तुझा लेक कधी कोणाला उलटून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला, "खाली हाये साहेब, उकरून पाहा." साहेब भला माणूस होता, फोटो काढून पुढच्या वावरात गेला. पुढच्या वावरातही तेच होतं. नदीकाठच्या सगळ्यांचं तेच. कोणाची विहीर वाळूनं भरली, कोणाची काळी माती खरवडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. बायका बांधावर बसून राहत. कोणी कोणाला समजावत नव्हतं, कारण समजावणारीचंही गेलेलं होतं.

मी मात्र पाणी उतरल्यापासून तुलाच शोधत फिरत होते. खाली नदीच्या वळणापर्यंत गेले. काठीनं वाळू टोकरत गेले. बाभळींना लुगड्याच्या चिंध्या अडकल्या होत्या, प्रत्येक चिंधीपाशी वाकून पाहायचे. तुझ्या ओट्याचा एकही दगड मिळाला नाही. तुझी सून म्हणाली, "अक्का, पुरे करा आता. येडं लागल." लागलं तर लागू दे, म्हटलं, इथं शहाणपणानं कोणाचं काय वाचलं?

तुला आठवतं, मी नांदणं सोडून परत आले तो दिवस? एसटीतून उतरले आणि घरी न जाता सरळ वावरात आले. हळद शिजवायचं चाललं होतं, कढईखाली जाळ, तुझं तोंड वाफेनं लाल. मला पाहिलंस, हातातली पिशवी पाहिलीस. काहून आलीस, असं विचारलं नाहीस. मी रडायला लागले तर खेकसलीस, "रडायचं तं घरी जाऊन रड. इथं आलीस तं जाळ सार." तेव्हा लई राग आला होता तुझा. संध्याकाळपर्यंत जाळ सारला. मग पुढच्या वर्षी लावणीच्या वेळी तू तुझ्या लेकाच्या देखत बोट दाखवून सांगितलंस, "ह्या बांधाकडच्या दोन सऱ्या अक्काच्या. तिची हळद येगळी काढायची, येगळी इकायची. कोणी बोललं तं माझ्याशी गाठ हाये." भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला स्वतःचं काहीतरी लागतं, हे तुला कोणी शिकवलं होतं, कोण जाणे. तू गेल्यावरही त्यानं तो शब्द मोडला नाही. त्या दोन सऱ्यांच्या जिवावर मी त्या घरात ताठ मानेनं जेवले, माय. अंगणवाडीच्या पगारात काय होतं, भाजीत मीठ होतं.

मग हिंगोलीचा एक वाळूवाला आला. म्हणाला, मशीन माझी, गाड्या माझ्या, वाळू मी नेतो, वावर तुम्हाला मोकळं. आजूबाजूच्या सगळ्यांनी हो म्हटलं. तुझा लेक नाही म्हणाला. त्याला घरात बसवून मी विचारलं, "का बाबा? रब्बीचा हरभरा कशावर पेरायचा, ह्या वाळूवर?"

तो म्हणाला, "माय कुठं हाये, सांग. नदीत गेली का वाळूखाली हाये? मायवर मशीन घालू का मी?"

तुझी सून रडायला लागली. तिचा भाऊ पुण्याला आहे, राखणदारी मिळते म्हणतो, एक खोली आहे. जाऊ पुण्याला, लेकरं तिकडंच शिकतील. एका खोलीत ती दोघं आणि लेकरं. माझं नाव कोणी घेतलं नाही. कसं घेतील बिचारे, जागाच नाही तर. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला म्हटलं, "मशीन बोलव. मी उभी राहते. माझी नजर चुकायची न्हाई. माय दिसली तं थांबवते."

तो म्हणाला, "एक हाड जरी निघालं ना अक्का, तं मशीन बंद. मंग ते वावर हाये तसं सोडून देऊ. मायचं मसण समजू आन निघून जाऊ." पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलला. मी व्हय म्हटलं.

मशीनचा ड्रायव्हर बिहारकडचा. त्याला सगळं सांगितलं तर त्यानं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, नदीकडं तोंड करून हात जोडले आणि मला म्हणाला, "दीदी, हाथ ऊपर करना, मैं उसी वक़्त रोक दूँगा." तुझा लेक सडकेवर जाऊन पाठ करून बसला. त्याच्यानं पाहवलं नसतं. मी वाळूत उभी. बकेट खाली येते, वाळू भरते, वर जाते, गाडीत पडते. मी प्रत्येक बकेट पाहते. दगड येतो, कोणाची तरी पितळी कळशी येते, कुजलेली हळद येते, मी नाकाला पदर लावते. ऊन चढतं. तुझी सून पाणी घेऊन येते, मी नजर हलवत नाही, तशीच पिते.

आणि मग एका ठिकाणी मशीननं वाळू उचलली आणि खाली काळी माती दिसली. आपली काळी, ओली, जशीच्या तशी. माय, काय सांगू तुला. वाटलं खाली बसून तोंडच लावावं तिला. आणि पुढच्याच बकेटीत, वाळूच्या वर, काहीतरी पांढरं दिसलं. वीतभर, जरा वाकलेलं. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. त्यालाही काही दिसलं असेल का, माहीत नाही. तो माझ्या हाताकडं पाहत थांबला होता. फांदी असेल. मेलेल्या जनावराचं असेल. पुरात काय कमी वाहून आलं? मी हात वर केला नाही. बकेट वर गेली, गाडीत रिकामी झाली, तिच्यावर पुढची पडली. गाडी भरली आणि हिंगोलीकडं गेली. तिथं कोणाच्या तरी घराचा स्लॅब पडेल, त्यात ती वाळू जाईल.

संध्याकाळी तुझा लेक आला. काळ्या मातीवर अनवाणी चालला, वाकला, मूठभर उचलली, पुन्हा टाकली. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "काही दिसलं?"

"न्हाई."

"बराबर पाह्यलंस ना?"

"बराबर पाह्यलं."

तो तिथंच उकिडवा बसून रडला. सुटल्यासारखा रडला. तुझी सून हसली, किती दिवसांनी. पुण्याचं नाव त्या घरात आता निघत नाही. हरभऱ्याचं बियाणं आणायला उद्या तो गोरेगावला जाईल, जीपा चालू झाल्यात. मी सगळ्यांसोबत जेवले, भाकरी घशाखाली उतरली, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

हे पत्र तुझ्या लेकाला कधी दाखवणार नाही. सकाळी चूल पेटवायला मीच उठते, तेव्हा जाळात घालीन. तुला तेवढं खरं सांगते आणि थांबते. ती फांदी नव्हती, माय. आणि हात वर करायला मला वेळ होता.