तळपायाचा लसूण

८ ऑगस्ट, गुरुवार

आज वर्गात हात वर केला आणि लगेच खाली घेतला! मानकर मॅडम पेशी शिकवत होत्या. दहावीपर्यंत मराठीतून शिकले, आता अकरावीला सगळं इंग्रजीत — निम्मा तास डोक्यावरून जातो. पण मॅडम मधूनच मराठीत येतात, तेव्हा लख्ख कळतं. म्हणाल्या, पेशीभोवतीचं पटल म्हणजे चरबीचे दोन थर. मीठ बाहेरच अडतं, त्याला वेगळी वाट लागते. "पण तेलात विरघळणारी वस्तू आली, तर तिला कोणी अडवत नाही. सरळ आत!"

तास संपल्यावर गाठलंच त्यांना. फवारणीचं औषध तेलात विरघळतं का? "बरीचशी विरघळतात. का गं?"

"सहजच," म्हणाले आणि दप्तर उचललं. चार वर्षं झाली, बाबा फवारणीला निघाले की त्यांच्या हातांना, पाठीला जवसाचं तेल मीच चोळून देते. तेल लावलं की औषध अंगाला धरत नाही, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. घरी, बोरीला जाणाऱ्या बसमध्ये अख्खा रस्ता मी माझे हात बघत बसले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा बाजेवर हात पुढे करून बसले आणि मी नाही म्हणाले. "काय झालं वं अपू? रुसली काय?" सांगितलं सगळं. हसले! "अवं, माह्या बापानं तेल लावूनच फवारलं जलमभर. कातडी म्हंजे काय चाळणी आहे?"

हातांना स्वतः लावलं. पाठीला हात पुरेना, तर आईनं लावून दिलं. पंप पाठीला अडकवून गेलेसुद्धा. इतका राग आला की डबा न घेताच कॉलेजला गेले.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी मनुका पाण्यात टाकल्या, संध्याकाळी टम्म फुगल्या. बाबांना दाखवल्या — पाहा, सालीतून पाणी आत गेलं! बाबांनी प्रयोग तोंडात टाकला. "गोड आहे."

आई न्हाणीपाशी त्यांचे फवारणीचे कपडे चोळत होती. तिथूनच म्हणाली, "मले बी ठेव दोन." संपल्या होत्या.

१४ ऑगस्ट, बुधवार

बाबा वावरातून आले ते भिंत धरूनच बसले. गरगरत होतं. पाण्याचा गिलास धरवेना. "उमस लय आहे, दुसरं काही नाई." दुसरं काही नाही म्हणे! औषध ड्रममध्ये हातानंच ढवळतात, वर तेलाचं अंग.

ठरवलं. यांचे हात मी वाचवणारच. हसू देत, ओरडू देत.

आईच्या ब्लाउजचं बटण तुटलंय. सुई मीच ओवून दिली. तिला हल्ली अंधुक दिसतं म्हणते, चष्मा लागला असणार.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमना मनुकांची फजिती सांगितली. पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "घरी लसूण आहे ना? बास." आणि काय करायचं ते सांगितलं. दारव्ह्याच्या बाजारातून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेतले, दप्तराच्या तळाशी दडवलेत.

१८ ऑगस्ट, रविवार

जिंकले!!

सकाळी बाबा नुसत्या चहावर होते, तेवढ्यात गाठलं. आईनं पाट्यावर लसूण ठेचून दिला. तो त्यांच्या तळपायांना चोळला आणि वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. बाबा काय तयार होतात! पण मी दारातच बसले, "तुम्ही खरे ठरले तर परत कधी बोलणार नाही" म्हणाले. शेजारचे फुलचंदकाका आले आणि सुरूच झाले, "बळीराम, तुह्या पायाची चटणी करून राह्यली काय पोट्टी?"

अर्धा तास गेला. काही नाही. बाबा पिशव्या सोडायला लागले. थांबा म्हटलं.

मग बाबांनी जिभेनं टाळू चाचपली. पुन्हा चाचपली. काकांची बडबड चालूच. "चूप रे फुल्या," बाबा म्हणाले. "लसूण लागून राह्यला तोंडात!"

आईला हाक मारली. "वास घे वं, पाह्य." आईनं वाकून घेतला आणि पदर नाकाला लावला. काकांनीही घेतला. मग कोणीच हसलं नाही. तळपायाची कातडी ती, अंगातली सगळ्यात जाड, तरी लसूण तिच्यातून रक्तात उतरला!

बाबा कितीतरी वेळ स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होते. "मंग इतकी वर्सं..." एवढंच म्हणाले. मी आत जाऊन हातमोजे आणले. घातले त्यांनी. मला रडूच आलं.

२४ ऑगस्ट, शनिवार

बाबा आता माझ्याहून कडक! हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, ढवळायला काठी. काकांना बांधावरून ओरडले म्हणे — "आधी तेल पूस!" जवसाची बाटली फडताळात गेली.

आल्या आल्या सगळं उतरवून टोपल्यात टाकतात. आई कपड्यांबरोबर हातमोजेही उलटे करून घासते, तारेवर वाळत घालते. "एक काम वाढवलं तुनं माह्यं," म्हणाली. म्हणू दे. आज मी खूश आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आरोग्य उपकेंद्रात फवारणीवाल्यांचं रक्त तपासायला घेत होते. औषध अंगात किती भिनलं ते कळतं. मी बाबांना ओढतच नेलं. वीस लिटरचा पंप वाहणारा माणूस सुईला भितो! खुर्चीवर बसेचनात. शेवटी आईनं बाही वर केली — "आधी माह्यं घ्या सिस्टर, मंग हे बसतीन." बसले बिचारे. सिस्टरनं दोन्ही बाटल्यांवर नावं लिहिली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उपकेंद्राच्या पायरीवर बसून लिहितेय. बाबांचा रिपोर्ट काठावर, पण ठीक. आईचा फार वाईट आहे. यवतमाळला न्यायला गाडी येतेय.

"या पण फवारतात काय?" सिस्टरनं विचारलं.

"नाई जी," आई म्हणाली. "मी निस्ते कपडे धुतो."

हातमोज्यांची मी एकच जोडी आणली होती.